चाचणी दिली, आकडा मिळाला, पण वर्किंग मेमरीचे गुण मागून मागून घ्यावे लागले (माझा अनुभव)

स्मरणशक्तीची किंवा एकूण बुद्धिमत्तेची चाचणी देणार असाल तर आधी एक सांगते, पैसे भरायच्या आधीच विचारून घ्या की रिपोर्टमध्ये प्रत्येक भागाचे गुण वेगवेगळे लिहून देणार का. एवढं मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे किती हेलपाटे वाचले असते.

माझा त्रास साधाच पण रोजचा होता. समोरच्याने एका दमात चार कामं सांगितली की शेवटचं तेवढं डोक्यात राहायचं, ओटीपी वाचून दुसऱ्या स्क्रीनवर जाईपर्यंत मधले आकडे गायब. जुनं सगळं आठवतं, वाचलेलं नीट समजतं, फक्त नुकतंच ऐकलेलं काही सेकंद धरून ठेवता येत नाही. डॉक्टरांनी आधी बी-१२ आणि थायरॉईड तपासलं, ते नॉर्मल आलं, मग त्यांनीच चाचणीला पाठवलं.

चाचणी वेक्सलरची होती, म्हणजे बुद्धिमत्ता वेगवेगळ्या भागांत मोजणारी एक प्रचलित चाचणी, त्याबद्दल काहीच तक्रार नाही, घेणाऱ्या मॅडम शांत होत्या. एका भागात सेकंदाला एक या वेगाने आकडे वाचून दाखवतात, ते तसेच म्हणायचे, मग उलटे, मग चढत्या क्रमाने लावून. सरळ म्हणताना जमलं, उलटे म्हणताना लगेच अडकायला झालं, कारण तिथे आकडे नुसते लक्षात ठेवून भागत नाही, धरून ठेवता ठेवता ते फिरवायचे असतात. हीच वर्किंग मेमरी.

खरा वैताग पुढे. रिपोर्ट आठवड्यात मिळेल म्हणाले, मग पुढच्या आठवड्यात, मग मॅडमची सही राहिलीय. शेवटी काउंटरवर एक पान हातात ठेवलं, त्यावर बुद्ध्यांकाचा (आयक्यूचा) एक आकडा, त्याच्यासमोर ‘सरासरी’, आणि खाली आठ रंगांचा तक्ता, संगीत बुद्धिमत्ता इतके टक्के, शारीरिक बुद्धिमत्ता इतके टक्के. मी स्मरणशक्तीसाठी आले होते आणि त्या पानावर स्मरणशक्तीचं नाव नव्हतं!

तो तक्ता कुठून आला ते माझ्या लगेच लक्षात आलं. बाहेर बसवलं होतं तेव्हा एक फॉर्म भरून घेतला होता, मला गाणी ऐकायला आवडतात का, माणसांत मिसळायला आवडतं का, असले प्रश्न. अहो पण आवड म्हणजे क्षमता नव्हे ना, गाणी आवडणाऱ्या प्रत्येकाला सूर ओळखता येतो का? मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये सात प्रकारच्या बुद्धिमत्ता मांडल्या, नंतर निसर्गविषयक आठवी जोडली, पण हो-नाहीच्या प्रश्नांवरून टक्के काढणं म्हणजे तो सिद्धांत नाही. आणि हे प्रकार एकमेकांपासून इतके सुटे असतात हे बऱ्याच मानसशास्त्रज्ञांना पटतही नाही, कारण एका प्रकारच्या चाचणीत चांगले असणारे बहुतेकदा दुसऱ्यातही बरे निघतात, हे स्पिअरमन या मानसशास्त्रज्ञांनी १९०४ मध्येच दाखवलं होतं. ‘तुम्ही बघून शिकणाऱ्या, तुम्ही ऐकून शिकणाऱ्या’ हा तर वेगळाच विषय, तो आपला सिद्धांत नाही असं गार्डनर यांनी स्वतः सांगितलंय. तरी लोक हे सगळं एकत्र करून रंगीत पानावर छापून देतात आणि आईबाप त्यावरून मुलांचे विषय ठरवतात, याची मला खरंच काळजी वाटते.

मी भागांचे गुण मागितले तर उत्तर, ‘मॅडम, सगळ्यांना हेच देतो.’ परत गेले तर ‘ते टेबल आतल्या वापरासाठी असतं.’ चाचणी घेणाऱ्या मॅडमना भेटू द्या म्हटलं तर त्या ठराविक दिवशीच येतात, आणि त्या दिवशी गेले तर अपॉइंटमेंट नाही. मी आवाज चढवला नाही पण हटलेही नाही. साध्या कागदावर अर्ज लिहिला, की मला प्रश्नपत्रिका नको, प्रश्न गुप्त ठेवायचे असतात हे मला मान्य आहे, पण माझे गुण माझे आहेत, आणि पोच घेतली. पोच मागितल्यावर चक्रं फिरली.

मॅडमनी समोर बसवून पंधरा-वीस मिनिटांत सगळं समजावलं. सरासरी १००, साधारण दोन तृतीयांश लोक ८५ ते ११५ मध्ये येतात. माझं शाब्दिक आकलन १२४ आणि वर्किंग मेमरी ८६. म्हणजे आजार नाही, पण दोन्हीत इतकी दरी असेल तर एकच एकत्रित आकडा फारसं काही सांगत नाही, असं त्या स्वतःच म्हणाल्या. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! इतकी वर्षं ‘लक्ष देत नाहीस’ ऐकत आले होते.

आता उपायांचं. ॲपवरचे मेमरी गेम खेळून तो गेम चांगला जमतो, रोजच्या कामात फरक पडेलच असं नाही. १९८० चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, एका विद्यार्थ्याने दोनशेहून जास्त तास सराव करून, एकदा ऐकून लक्षात ठेवायच्या सात आकड्यांवरून जवळजवळ ऐंशीपर्यंत मजल मारली, तो धावपटू होता, आकड्यांचे गट करून त्यांना शर्यतीच्या वेळा म्हणून लक्षात ठेवायचा. पण अक्षरं दिली की परत सहाच्या आसपास! म्हणजे त्याची जागा वाढली नव्हती, गट करायची युक्ती जमली होती. एका वेळी डोक्यात किती गोष्टी राहतात, यावर मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये सात, कमी-जास्त दोन असं म्हटलं होतं, कोवन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये ते चारवर आणलं. म्हणून मी चारच्या वर काही डोक्यात ठेवतच नाही. ओटीपी तीन-तीन आकड्यांत तोडून म्हणते, काम सांगितलं की तिथल्या तिथे माझ्या शब्दांत परत म्हणून दाखवते आणि लिहिते. ऐकणं आणि लिहिणं यात दुसरं काही येऊ देत नाही, फोनसुद्धा नाही, कारण मध्ये उलटी मोजणी करायला लावली तर तीन अक्षरंही अठरा सेकंदांत बहुतेक विसरली जातात, हे १९५९ मध्येच एका प्रयोगात दिसलं होतं.

झोप राहिली सांगायची, चाचणीच्या आदल्या रात्री नीट झोपा, आणि आकड्यांचे गेम खेळून जाऊ नका, खरी अडचण झाकली जाते. रिपोर्ट पटला नाही म्हणून लगेच परत तीच चाचणीही देऊ नका, सरावाने गुण वाढलेले दिसतात. आणि अर्जाची पोच सहीशिक्क्यासकट घ्या, नुसतं ‘ठेवा इथे’ म्हणाले तर ठेवून येऊ नका.