तुम्ही विचारलंत म्हणून: पवनचक्कीची पाती वेगळ्या आकाराची केली तर?

पवनचक्कीच्या पात्यांवर काम करते हे कळलं की बहुतेक लोक मला एकच प्रश्न विचारतात. ही तीन सरळसोट पाती इतकी वर्षं तशीच का? व्हेलच्या परासारखी उंचवट्यांची, घुबडाच्या पंखासारखी दातेरी, शंखासारखी वळलेली किंवा उभ्या खांबाभोवती फिरणारी केली, तर जास्त वीज नाही का मिळणार? सोबत बऱ्याचदा एखादा व्हिडिओ येतो आणि त्यात दुप्पट विजेचा दावा असतो.

वेगळ्या आकाराचा फायदा होतो, आणि आजवर झालेलाही आहे. फक्त तो जिथे शोधला जातो तिथे सहसा नसतो. वेगळा आकार वाऱ्यातून जास्त ऊर्जा पिळून काढेल, अशी लोकांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात चांगला आकार पात्याला आणखी लांब होऊ देतो, आवाज न वाढवता वेगानं फिरू देतो किंवा जास्त वर्षं टिकू देतो. वीज वाढते ती त्यातून.

मुळात ही पाती सरळ नाहीतच. लांबून तशी दिसतात. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या पात्याच्या बुडाशी उभं राहून टोकाकडे पाहा. बुड म्हणजे चक्क एक गोल नळकांडं, कडेनं बोल्टांची रांग. थोडं पुढे ते चपटं आणि रुंद होत जातं, मग टोकापर्यंत निमुळतं. पुढची धार गोलसर, मागची जेमतेम काही मिलिमीटर जाडीची. आणि सबंध लांबीभर पीळ असतो: बुडाकडे साधारण पंधरा-वीस अंश, टोकाशी जवळजवळ शून्य. बुडाजवळचा भाग सावकाश फिरतो, त्यामुळे त्याला वारा बराचसा समोरून लागतो. टोक वाऱ्याच्या सात-आठ पट वेगानं जात असतं, म्हणून त्याला वारा जवळजवळ स्वतःच्या फिरण्याच्या दिशेकडून येतोय असंच भासतं. प्रत्येक ठिकाणी वाऱ्याशी योग्य कोन जमावा म्हणून हा पीळ. डेन्मार्कमधल्या अस्कोव्ह इथे पॉल ला कूर यांनी १८९० च्या दशकात वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करून दाखवलं की पुष्कळ पाती सावकाश फिरवण्यापेक्षा थोडी पाती वेगानं फिरवलेली बरी. त्या काळी हेही विचित्रच वाटलं असणार.

आता ‘दुप्पट वीज’ या दाव्याबद्दल. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० मध्ये मांडलेला हिशेब पात्याच्या आकाराबद्दल काहीच बोलत नाही, आणि तीच त्याची ताकद आहे. वाऱ्याची सगळी ऊर्जा काढून घ्यायची तर वारा पात्यांमागे पूर्ण थांबायला हवा. पण अरुंद दारातून आत गेलेली माणसं उंबऱ्यापाशीच थबकली तर मागच्यांना आत शिरता येत नाही. तसाच वारा थांबला की मागून येणारा वारा चक्कीला बगल देऊन बाजूनं निघून जातो. उलट वाऱ्याला अजिबात अडवलं नाही तर हाती काहीच लागत नाही. यातला सर्वांत फायद्याचा मुक्काम येतो तो वाऱ्याचा वेग मागच्या बाजूला एक-तृतीयांश उरतो तेव्हा. त्या वेळी १६/२७, म्हणजे ५९.३ टक्के ऊर्जा मिळते. मोकळ्या वाऱ्यात फिरणाऱ्या चक्कीला याच्या पुढे जाता येत नाही, मग पातं कसंही असो. आजच्या मोठ्या चक्क्यांचे रोटर, म्हणजे पात्यांची फिरती चक्रं, चांगल्या वाऱ्यात ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत पोचतात. उरलेल्या जागेत दुप्पट मावणार कुठून?

चक्कीभोवती कर्ण्यासारखं आवरण बसवून ही मर्यादा ओलांडल्याचं कोणी सांगितलं, तर हिशेबात क्षेत्रफळ कोणतं धरलंय ते आधी बघा. बहुधा फक्त पात्यांच्या वर्तुळाचं धरलेलं असतं. आवरणाच्या तोंडाचं धरलं की आकडा पुन्हा जमिनीवर येतो. शिवाय ते अवजड आवरण वादळात उभं ठेवायचं असतं, तो खर्च निराळाच.

आणखी एक गोष्ट या चर्चांमध्ये फारशी येत नाही. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनानं वाढते, त्यामुळे सेकंदाला साधारण ११ ते १३ मीटर वेगापाशी जनरेटर पूर्ण क्षमतेला पोचतो. त्यापुढे चक्की मुद्दाम पात्यांचा कोन बदलून वारा सोडून देते. तिथे पात्याची कार्यक्षमता कितीही वाढवली तरी एक युनिटही जास्त मिळत नाही. नव्या आकारानं काय केलं ते वर्षभराच्या विजेत मोजायला हवं, एखाद्या सोयीच्या वेगाला घेतलेल्या आकड्यात नाही.

व्हेलच्या परांचा आकार मला मनापासून आवडतो, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगते. हंपबॅक व्हेलच्या परांच्या पुढच्या कडेला गोल उंचवटे असतात. जीवशास्त्रज्ञ फ्रँक फिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पराची प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात तपासली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की उंचवट्यांमुळे स्टॉल सुमारे ४० टक्के जास्त कोनापर्यंत लांबतो. स्टॉल म्हणजे वारा पृष्ठभागाला धरून न वाहता सुटतो आणि लिफ्ट, म्हणजे वाऱ्यामुळे मिळणारं उचलणारं बल, कोसळते ती अवस्था. शोध पक्का आहे आणि सुंदर आहे. व्हेलला झपकन वळायचं असतं, तेव्हा परांचा कोन खूप वाढतो आणि हे उंचवटे तिथे कामी येतात.

पण आजची मोठी चक्की व्हेलसारखी वळत नाही. तिची पाती बुडाशी फिरवता येतात आणि नियंत्रण प्रणाली त्यांना स्टॉलपासून बरंच दूर ठेवते. म्हणजे उंचवटे ज्या संकटातून सोडवतात, त्या संकटात पातं सहसा सापडतच नाही. उरलेल्या वेळी मात्र त्यांचा ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, सोसावा लागतो. अचानक आलेल्या झोतात किंवा तिरप्या वाऱ्यात त्यांचा उपयोग होऊ शकतो, हे मी मान्य करते. छताच्या मोठ्या पंख्यांमध्ये हा आकार वापरातही आला.

शिवाय हे उंचवटे बसवायचे कुठे, तर पुढच्या धारेवर. पात्यावरची ही सगळ्यात खडतर जागा. टोकाचा वेग सेकंदाला ८० ते ९० मीटर, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास. त्या वेगानं पावसाचे थेंब वर्षानुवर्षं आपटत राहतात. काही वर्षं चाललेल्या पात्याच्या टोकाजवळ पुढच्या धारेवरून बोट फिरवलं तर आधी टाचणीच्या टोकाएवढी भोकं लागतात, मग खळगे, आणि काही ठिकाणी रंग सोलून आतलं काचेच्या धाग्यांचं कापड उघडं पडलेलं दिसतं. एवढ्या खडबडीतपणानंही वर्षाची वीज घटते. जी कड दुरुस्त करायला माणसाला दोरावर लटकावं लागतं, तिथे आणखी वळणं आणि खाचा करायच्या तर फायदा तसाच मोठा हवा.

मागच्या धारेची गोष्ट अगदी वेगळी, आणि म्हणूनच घुबड जिंकलं. चक्कीचा जो ‘सूं-सूं’ आवाज येतो तो मुख्यतः पात्याच्या बाहेरच्या भागात, पृष्ठभागालगतची खळबळती हवा मागच्या धारेवरून सुटते तिथून येतो. हा आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घातानं वाढतो. मागच्या धारेला करवतीसारखे दाते लावले की हवा एकदम सुटत नाही आणि आवाज दोन-तीन डेसिबलनं उतरतो. घुबडाचं नाव निघालं की लोक त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेचा कंगवा दाखवतात; पण चक्कीवरचे दाते जास्त जवळचे आहेत ते पंखाच्या मागच्या झालरीला. हे दाते वेगळ्या पट्ट्यांमध्ये बनवून मागच्या कडेला चिकटवता येतात, साचा बदलावा लागत नाही, जुन्या पात्यांनाही लावता येतात. आज कितीतरी चक्क्यांवर ते आहेत.

दोन-तीन डेसिबलनं काय होतं, असंही मला विचारतात. बरंच होतं. अनेक ठिकाणी रात्री आवाजाची मर्यादा पाळण्यासाठी चक्की मुद्दाम हळू चालवावी लागते आणि तेवढी वीज बुडते. आवाज उतरला की तीच चक्की तिच्या खऱ्या वेगानं चालवता येते. दात्यांनी वाऱ्यातून जास्त काही घेतलं नाही, त्यांनी चक्कीवरचं बंधन सैल केलं.

बाकदार पात्याचा मुद्दाही हाच. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेनं नाइट अँड कार्व्हर या कंपनीबरोबर २७ मीटर लांबीचं एक पातं बनवलं, ज्याचं टोक फिरण्याच्या उलट दिशेला कोयत्यासारखं मागे वळलेलं होतं. जोराचा झोत आला की टोक मागे ढकललं जातं. ते मधल्या रेषेच्या बाजूला असल्यामुळे पातं वाकता वाकता थोडं पिळलंही जातं. वाऱ्याशी असलेला कोन आपोआप कमी होतो आणि भार उतरतो. ना मोटर, ना सेन्सर. आकारच काम करतो. त्या चाचणीत वर्षाची वीज १० ते १२ टक्क्यांनी वाढल्याचं नोंदवलं गेलं. पण का वाढली ते पाहा: भार हलका झाल्यामुळे त्याच चक्कीला आधीपेक्षा लांब पातं बसवता आलं. लांबी ३ टक्के वाढली तर वर्तुळाचं क्षेत्र ६ टक्के वाढतं. शिवाय पात्याचा बाहेरचा एक-तृतीयांश भाग एकूण वर्तुळाच्या निम्म्याहून अधिक क्षेत्र झाडून घेतो. त्यामुळे टोकाकडच्या प्रत्येक मीटरला किंमत आहे.

विंगलेटचं, म्हणजे वळवलेल्या टोकाचं, गणितही इथेच अडतं. टोकाशी निर्माण होणारा भोवरा विंगलेट कमी करतो, फायदा खरा आहे. पण तेवढंच साहित्य घालून पातं सरळच थोडं लांब केलं तर बहुधा जास्त मिळतं. वर्तुळाच्या व्यासावर मर्यादा असेल तिथे विंगलेट शहाणपणाचं ठरतं.

उभ्या अक्षाच्या, म्हणजे उभ्या खांबाभोवती फिरणाऱ्या, चक्क्यांना मी थोडक्यात आटोपते, हा अन्याय वाटला तरी. फ्रेंच अभियंते जॉर्ज दारियस यांची कल्पना १९२० च्या दशकातली. कॅनडातल्या काप-शा इथे ११० मीटर उंचीची एऑल नावाची अशी महाकाय चक्की उभारली होती. १९९३ मध्ये तिचं खालचं बेअरिंग निकामी झालं आणि ती थांबली ती कायमची. अशा चक्कीत प्रत्येक फेऱ्यात पात्यावरचा भार एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं येतो, आणि ते वर्षाला लाखो वेळा. कोणताही पदार्थ अशानं थकतो. तरी समुद्रात तरंगणाऱ्या चक्क्यांसाठी हा विचार पुन्हा पुढे आलाय, कारण जड जनरेटर खाली ठेवता येतो. तिथे काय होतं याकडे माझं लक्ष आहे.

सध्या माझी सर्वांत मोठी आशा मात्र लवचिक पात्यांवर आहे. आता पाती शंभर मीटरच्या पुढे गेली आहेत. व्हेस्टास या डॅनिश कंपनीच्या एका चक्कीचं पातं ११५.५ मीटर लांब आहे. एवढं लांब पातं वाऱ्यानं मागे वाकून खांबाला लागू नये म्हणून ते ताठ ठेवावं लागतं, आणि ताठ म्हणजे जड. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एरिक लोथ आणि सहकाऱ्यांनी ताडाच्या झाडाकडे बघून उलटा विचार केला: पाती खांबाच्या मागच्या बाजूला ठेवायची. मग वारा त्यांना खांबापासून दूर ढकलतो आणि वाकायची मुभा मिळते. अडचण एकच, पण मोठी. प्रत्येक फेऱ्यात पातं खांबाच्या मागच्या मंद, खळबळत्या हवेतून जातं आणि दर वेळी त्याला हिसका बसतो. खांबाचा आकार बदलून किंवा पात्याच्या जुळणीतून हा हिसका किती कमी होतो, यावर सगळं अवलंबून आहे.

तेव्हा नवीन आकाराचं चित्र जरूर पाठवा, मी मनापासून बघते. फक्त सोबत तीन गोष्टी लिहा: तेवढ्याच वर्तुळात वर्षाला वीज किती, बुडाशी येणारा भार किती, आणि पातं साच्यातून बाहेर कसं काढणार.