हरणीची वही: तिसऱ्या माजाचा हिशेब

दुसऱ्या माजात मी सगळे करतात तेच केलं होतं. रक्त दिसल्यापासून दिवस मोजले, नवव्या आणि अकराव्या दिवशी नर आणला, तोंडाला पट्टी बांधून आमच्या हरणी कुत्रीला धरलं. एकदा कशीबशी अडकली, म्हणजे मेटिंगमध्ये नर-मादी काही वेळ जोडलेले राहतात तशी. कुत्री रिकामी राहिली, आणि मी नराला नावं ठेवून मोकळा झालो. या खेपेची वही भरल्यावर वाटतं, बिचाऱ्याचा दोष नसावा.

हरणी आमची कारवानी, कागदावर मुधोळ हाउंड. बेळगावजवळच्या यळ्ळूरच्या घरी वाढलेली, वय अडीच वर्षं. पहिला माज ४ मार्च २०२३, दुसरा २२ नोव्हेंबर. मधे २६३ दिवस. तेवढंच पुढं मोजून मी ११ ऑगस्ट २०२४ ला पेन्सिलीनं गोल केला होता. २ ऑगस्टलाच फरशीवर थेंब दिसला. एका अंतरावरून अंदाज बांधला की असंच होणार. कुत्रीचं अंतर साधारण पाच ते अकरा महिन्यांत कुठंही बसतं. आता दोन अंतरं हातात आहेत, २६३ आणि २५४.

शेजारच्या मावशींनी थेंब बघून विचारलं, "कुत्रीलाबी कावळा शिवतो होय?" हसण्यावारी नेलं, पण सगळा घोळ तिथंच आहे. बाईची पाळी म्हणजे बीज वाया गेल्यानंतरचं रक्त. कुत्रीचं रक्त बीज सुटायच्या आधीचं. आईचा हिशेब म्हशीचा: एकवीस दिवसांनी परत येतेच की, आज नाही तर पुढच्या खेपेला. कुत्रीची खेप चुकली की आठ-नऊ महिने बसायचं.

दिवस १ ते ७. निरण (योनीचा बाहेरचा भाग) सुजलेली, घट्ट. रक्त लाल. नराचा वास आला की वळून दात दाखवते. आमच्या गल्लीतली तीन गावठी कुत्री मात्र पहिल्या दिवसापासून फाटकाशी मुक्कामाला, भर पावसात. हरणी घरात, बाहेर फक्त साखळीला आणि मी सोबत. एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात, म्हणून एवढी राखण.

दिवस ८, नागपंचमी. मित्राच्या शाळेतला जुना सूक्ष्मदर्शक मागून आणला. सलाइनमध्ये ओला केलेला कापसाचा बोळा निरणीच्या आत फिरवला, मग काचपट्टीवर हलकेच फिरवून निळा रंग. पेशी अजून गोल, मधे मोठं केंद्रक, आजूबाजूला लाल पेशी. म्हणजे लांब आहे. गाभण राहण्याच्या वेळी याच पेशी चपट्या, कोपरे आलेल्या दिसतात, दुमडलेल्या पोह्यांसारख्या.

दिवस ९, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन (बीज सुटायची वेळ सांगणारं संप्रेरक) ०.६. काहीच नाही.

दिवस १२ ला माझी फजिती झाली. नेहमीच्या लॅबचं मशीन बंद, म्हणून बेळगावातच दुसरीकडं नमुना दिला. रिपोर्टवर ५.१. पाचच्या आसपास बीज सुटतं हे पाठ होतं, मी तिथंच रस्त्यात उभा राहून गोकाककडच्या नराच्या मालकाला फोन लावला, "उद्या निघतो." रात्री जेवताना रिपोर्ट परत उघडला, तर खाली बारीक अक्षरात नॅनोमोल प्रति लिटर. आपला आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरमधला! ३.१८ नं भागायचं. आले १.६. परत फोन, परत माफी. तो शांतपणे म्हणाला, "मागच्या खेपेलाबी तू घाईच केलीस." चूक लॅबची नव्हती. तेव्हापासून वहीत आकड्याशेजारी एकक लिहितो, आणि नमुना एकाच लॅबला. मशीन बदललं की आकडा थोडा बदलतोच.

दिवस १४: २.३ नॅनोग्रॅम/मिली. इथंच एलएच, म्हणजे बीज सोडायला लावणारं संप्रेरक, उसळतं. कुत्रीची गंमत अशी की प्रोजेस्टेरॉन बीज सुटायच्या आधीच चढायला लागतं, म्हणून तर या तपासणीचा उपयोग. काचपट्टीवर जवळजवळ सगळे पोहे. रक्ताचा रंग मांस धुतलेल्या पाण्यासारखा, निरण मऊ. पाठीच्या मागच्या भागावर हात ठेवला तर शेपूट बाजूला.

दिवस १६: ५.४ नॅनोग्रॅम/मिली. बीज सुटलं. पण सुटलेलं बीज कच्चं असतं, पिकायला आणखी दोनेक दिवस लागतात. म्हणून लगेच धावलो नाही.

दिवस १८ आणि २० ला मेटिंग. दोन्ही जनावरांची ब्रुसेलाची (मेटिंगमधून पसरणारा, गर्भ पाडणारा जंतू) तपासणी आधीच झालेली. पहिल्यांदा वीस मिनिटं अडकून होती, आणि या वेळी कुणी धरलेलं नव्हतं. मागच्या खेपेचा नववा-अकरावा दिवस आठवून लाज वाटली. दिवस २२ ला काचपट्टीवर एकदम गोल पेशी आणि पांढऱ्या पेशी परतल्या. एवढी ठळक खूण दुसरी नाही. फक्त ती वेळ गेल्यावर कळते.

१४ सप्टेंबर, गणपतीच्या गर्दीतून वाट काढत सोनोग्राफी. पिल्लांच्या काळजाचे चार ठोके दिसले. डॉक्टर म्हणाले, आकड्यावर जाऊ नका, मोजणी एक्सरेलाच.

वेण्याची तारीख बीज सुटल्यापासून ६३ दिवस, एखादा दिवस मागंपुढं: १९ ऑक्टोबर, शनिवार. मेटिंगपासून मोजलं असतं तर दोन-चार दिवस चुकलो असतो. पुढच्या माजाला सरासरीनं १७ एप्रिल लिहून ठेवलाय, पेन्सिलीनंच. पिल्लं झाली तर लांबेलही. एक्सरे ११ ऑक्टोबरला. दसऱ्यापासून सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावायचा. ९९ च्या खाली आला की साधारण दिवसभरात कळा सुरू. आईनं बाळंतखोलीसाठी भाताची पोती हलवायला आत्ताच नकार दिलाय.