गॅरेजमध्ये चालणारा आणि घरी न चालणारा रिमोट

कोथरूडच्या एक काकू माझ्याकडे गाडी आणतात, बँकेतून रिटायर झालेल्या, 2009 ची हॅचबॅक अजून स्वतः चालवतात आणि काय जपलीये म्हणून सांगू. पावसाळा संपत आला तेव्हा त्यांचा फोन आला, रिमोटने लॉक पडतच नाहीये. त्याआधी एका सर्विस सेंटरला जाऊन आल्या होत्या. तिथे सेल बदलला, तरी चालेना, मग नवीन रिमोट आणि वर बॉडी कंट्रोल युनिट (लॉक, लाईट वगैरे सांभाळणारा गाडीतला इलेक्ट्रॉनिक डबा) पण बदलावं लागेल म्हणून आठ हजार अ‍ॅडव्हान्स घेतला. पार्ट ऑर्डरवर येणार. गाडीला मीटर लावून कुणी बघितलंच नव्हतं, आणि या गोष्टीचा मला मनापासून राग येतो, पार्ट बदलणं म्हणजे रिपेअर नव्हे.

वारज्याला माझ्याकडे गाडी आली आणि पहिल्याच दाबात खटॅक, चारही दारं. रस्त्याच्या पलीकडून दाबलं तरी चालू. काकूंचा चेहराच उतरला. "अरे घरी खरंच चालत नाही रे, मी कशाला खोटं सांगू?" मुलगा बंगलोरला, तो फोनवर म्हणायचा आई तुला बटण नीट दाबता येत नाही, गाडी विकून टाक आता.

तरी रिमोट उघडलाच. बऱ्याच जणांना माहीत नसतं, या चावीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक इमोबिलायझरची, म्हणजे दुसऱ्या चावीने गाडी स्टार्ट होऊ न देणाऱ्या यंत्रणेची चिप, तिला सेल लागतच नाही, इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून ती पॉवर घेते. दुसरा लॉकचा रिमोट, तो सेलवर चालतो आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत 433.92 मेगाहर्ट्झवर सिग्नल सोडतो. म्हणून रिमोट मेला तरी गाडी स्टार्ट होते. आता सेल, तो नुसता काढून मीटरला लावण्यात अर्थ नसतो, थकलेला सेल पण मोकळा असताना 3 व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि बटण दाबलं की बसतो. मी बटण दाबून धरून मोजतो. इथे व्होल्टेज हललं नाही. बटणाखालचे मायक्रोस्विच चांगले, सेलच्या पत्रीला गंज नाही, लेन्सखाली एकेक सोल्डर बघितलं, कुठे तडा नाही, फ्रिक्वेन्सी मीटरवर आकडा बरोबर. दारात चावी फिरवली की चारही लॉक पडतात, म्हणजे मोटर आणि वायरिंग शाबूत. रिमोटला काही झालंच नव्हतं.

मग संध्याकाळी त्यांच्या सोसायटीत गेलो. पार्किंगमध्ये काकूंनी दाबलं, काही नाही. मी दाबलं, काही नाही. रिमोट पुढच्या काचेला टेकवून डॅशबोर्डकडे धरला तेव्हा लॉक पडलं, दोन पावलं मागे आलो की परत बंद. तिथेच कळलं, गाडीचा रिसीव्हर बहिरा झालेला नाही, इथे दुसरं कुणीतरी त्याच्या कानाशी ओरडतंय.

माझ्याकडे यूएसबीला लावायचा रेडिओ रिसीव्हर आहे, तो लॅपटॉपला जोडला. एरवी रिमोट दाबला की स्क्रीनवर क्षणभर ठिपके उमटतात आणि जातात. इथे कुणी काही दाबलेलं नसताना 433.92 वर सलग जाड रेघ. ती कुठून येतेय ते शोधायचं तर जवळ गेल्यावर सगळीकडे सारखाच जोर दिसायला लागतो, म्हणून अँटेना काढून टाकली, गेन, म्हणजे सिग्नल वाढवून ऐकण्याची ताकद, कमी केला आणि लॅपटॉप हातावर धरून पार्किंगभर फिरलो. रेघ सगळ्यात जाड झाली पंपरूमपाशी. खालच्या टाकीवर वायरलेस लेव्हल कंट्रोलरचा डबा, म्हणजे पाण्याची पातळी रेडिओ सिग्नलने कळवून पंप आपोआप चालवणारा, झाकणातून पावसाचं पाणी आत गेलेलं, बोर्डवर हिरवट थर. थोड्या थोड्या वेळाने एकदा सिग्नल सोडायचा तो डबा अडकून अखंड सोडत बसला होता, आणि अ‍ॅडॅप्टरवर असल्यामुळे सेल संपून थांबण्याचाही प्रश्न नाही. वॉचमन म्हणाला, "ऑटो तर कधीचं बंदय साहेब, मी हातानेच पंप लावतो." हे त्याने कमिटीला सांगितलं होतं, कमिटीने मनावर घेतलं नव्हतं.

अ‍ॅडॅप्टर काढला. काकू गेटपाशी उभ्या होत्या, त्यांनी तिथूनच दाबलं, खटॅक. परत दाबलं, परत खटॅक. मला म्हणाल्या, आता हे माझ्या मुलाला तू सांग. लगेच फोन लावून दिला, मी सांगितलं.

तेवढ्यात शेजारच्या गाडीचे काका आले, त्यांनी तापकीर गल्लीतून दोनदा सेल आणून घातला होता. त्या रांगेत आणखी दोन-तीन जणांचं तेच रडगाणं, कुणी चावीनेच लॉक करत होतं, कुणी नवीन रिमोटची किंमत विचारून आलं होतं. रोज एकमेकांना नमस्कार करणारी माणसं, पण हे कुणी कुणाला बोललं नव्हतं, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. पहिल्याच आठवड्यात दोघं जरी बोलले असते तरी काकूंना कुणी काही सुनावलं नसतं.

सोसायटीने आता वायरवाला फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणारा) बसवलाय. काकूंचा अ‍ॅडव्हान्स मात्र अडकलाय, सर्विस सेंटर म्हणतं पार्ट ऑर्डर झाला, कॅन्सल होत नाही. मी लेटरहेडवर सगळं रीडिंगसकट लिहून दिलंय, स्क्रीनचे फोटो जोडलेत, आणि येत्या सोमवारी त्यांच्याबरोबर स्वतः तिथे जाणार आहे.