एअरो इंडियात दोन सीटचं हंसा विमान बघायचं असेल तर (लातूरहून)

एअरो इंडिया म्हणजे बेंगळुरूला भरणारा विमानांचा शो. तिकडं जायला लातूरकरांना लातूर-यशवंतपूर (बेंगळुरू) गाडी सगळ्यात सोयीची, उदगीर भालकी बीदर करत रात्रभर जाते. पण रोज नसते, वार बघूनच तिकीट काढा. शो दर दोन वर्षांनी विषम साली फेब्रुवारीत येलहंकाच्या एअरफोर्स स्टेशनवर असतो, पहिले तीन दिवस कंपन्यावाल्यांचे, आपल्याला शेवटचे दोन.

आम्ही गेलो ते भाच्यापायी. पोरगं पायलट व्हायचं म्हणतंय, आता लातुरात डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा सोडून कुणी दुसरं काही बोललं की घरात सुतकच पडतं! सगळी गर्दी तेजस-सुखोई या लढाऊ विमानांकडं माना वर करून उभी, आम्ही मात्र हंसा एनजी शोधत हिंडलो, बेंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान-संशोधन संस्थेनं बनवलेलं, उडवायला शिकवायचं ट्रेनर विमान. पहिलं प्रायोगिक हंसा 1993 ला उडालं, हे नवं सप्टेंबर 2021 ला. जवळून बघितलं तर पत्र्याचं नाहीच, सगळं कंपोझिट (फायबर अन रेझिनचं), रिव्हेटच्या रांगा नाहीत, वर पारदर्शक घुमट अन आत शेजारी शेजारी दोन सीट, दोन्हीकडं कंट्रोल, म्हणजे शिकणाऱ्याचं चुकलं की मास्तर लगेच सांभाळणार. समोर काट्यांच्या डायलऐवजी स्क्रीन. इंजिन रोटॅक्स कंपनीचं. 2022 ला कर्नाटकातल्या चळ्ळकेरेला सात-आठ हजार फुटांवर हे इंजिन मुद्दाम बंद करून हवेतच परत चालू करून बघितलं होतं, हे ऐकून भाच्याच्या तोंडचं पाणी पळालं, मला मात्र उलट धीर आला.

पोरं घेऊन जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा, स्टुडंट पायलट लायसन्सला वय 16 लागतं, कमर्शियलला (पगारी पायलट व्हायच्या लायसन्सला) 18 अन 200 तास उड्डाण, शिवाय बारावीला फिजिक्स-मॅथ्स. आपल्याकडं अर्धी पोरं मॅथ्स सोडून बायोलॉजी घेतात, त्यांना मॅथ्सचा पेपर वेगळा द्यावा लागतो. आणि कुठल्याही फ्लाइंग स्कूलला फी भरायच्या आधी क्लास 2 मेडिकल (पायलटसाठीची पहिली वैद्यकीय तपासणी) करून घ्या, डोळ्यात काही निघालं तर लाखो रुपये वाचले समजा.

टोपी न्या, रनवेकडं सावली म्हणून नाही. शो सुटल्यावर ट्रॅफिक असं तुंबतं की विचारू नका, त्यामुळं परतीची गाडी त्याच संध्याकाळची अजिबात काढू नका.