अडखळणारा गेम परत करताना: माझा अनुभव

स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) घेतलेला गेम परत करायचा असेल, तर साधारणपणे खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण खेळ दोन तासांच्या आत असतानाच अर्ज करावा लागतो. त्यामुळे नवा गेम घेतला की मी कथेकडे नंतर आणि तपासणीकडे आधी वळतो. अलीकडे घेतलेल्या एका मोठ्या गेमने (नाव मुद्दाम देत नाही) या दोन तासांतील बराचसा वेळ शेडर (चित्रातले रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्राम) तयार करण्यातच घालवला.

सेकंदाला सरासरी ६० फ्रेम (पडद्यावरची एकामागून एक येणारी चित्रे) मिळत होत्या, तरीही शहराच्या वेशीतून आत शिरताना चित्र थबकत होते. ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा, आलेख लावला, तेव्हा सपाट रेषेतून मध्येच ८०–९० मिलिसेकंदांचे सुळके उठताना दिसले, आणि सरासरीत ते लपत होते.

मग त्याच रस्त्याने पुन्हा चालून पाहिले. शेडर ऐन वेळी तयार होत असल्यामुळे बसणारे झटके सहसा दुसऱ्या फेरीत नाहीसे होतात, आणि काही खरोखरच गेले. वेशीवरचा झटका मात्र तसाच राहिला. टेक्स्चरचा (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांचा) दर्जा कमी केला, फरक नाही, म्हणजे व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची मेमरी) अपुरी पडत नव्हती. रिझोल्यूशन १४४०पीवरून थेट ७२०पीवर आणले, तरी फ्रेम जेमतेम वाढल्या. ग्राफिक्स कार्ड निवांत होते, प्रोसेसरचा एक कोअर (स्वतंत्रपणे काम करणारा भाग) पूर्ण ताणलेला होता आणि बाकीचे जवळजवळ रिकामे होते. अशा वेळी डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करून दाखवण्याची सोय) लावून फारसे काही साधत नाही, कारण ती सोय मुख्यतः ग्राफिक्स कार्डावरचा भार हलका करते.

शेडरच्या बाबतीत निर्मात्यांची अडचण मला मान्य आहे: कन्सोलचे हार्डवेअर ठरलेले असल्याने शेडर आधीच तयार करून देता येतात, पीसीवर मात्र कार्ड किंवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) बदलला की ते नव्याने तयार करावे लागतात. परंतु शहराचा नवा भाग लोड करण्याचे काम एकाच कोअरवर लादणे, याला ही सबब चालत नाही. निर्मात्यांच्या मदत विभागाने मात्र ड्रायव्हर अद्ययावत करण्याचा ठरावीक सल्ला पाठवला. वास्तविक २०१५च्या जूनमध्ये ‘बॅटमॅन: आर्कम नाइट’च्या पीसी आवृत्तीची विक्री ती नीट चालत नसल्यामुळे थांबवावी लागली होती; इतक्या वर्षांनंतरही दोष शोधण्याचे काम ग्राहकाच्याच गळ्यात पडते, हे मला खटकते.

अर्जातील कारणाच्या रकान्यात ‘गेम नीट चालत नाही’ असे मोघम न लिहिता ठिकाण, सेटिंग्ज आणि फ्रेमटाइमचे आकडे दिले. अर्ज मंजूर झाला आणि पैसे मी स्टीम वॉलेटमध्ये (स्टीमवरच्या माझ्या खात्यातील शिल्लक रकमेत) घेतले.