तीन वह्या, एक आजी

सकाळी ८ वाजता आशाताई दारात. कानाला स्कार्फ, काखेत तीन रजिस्टरं. शेजारच्या आजींचं नाव तिन्हींत लिहिलं. बीपी, शुगर, दमा.

"एकाच वहीत काऊन नाही लिहीत?"

"वहीवाले साहेब येगयेगळे हायेत ना जी!"

आजी मात्र एकच. पारा १० च्या खाली गेला की रात्रभर उशाला टेकून बसून असतात. त्यांचा दम्याचा पंप संपलाय, ही नोंद एकाही वहीत नाही. त्यासाठी रकानाच नाही म्हणे.

आपल्या नागपुरात उन्हासाठी हीट ॲक्शन प्लॅन आहे. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशनही येतं, तेव्हा दुभाजकसुद्धा रंगतात.

थंडीत दम लागणाऱ्यांची यादी कोणाकडे असते हो?