पुसू नका, तसाच आणा : आमची वाटचाल

आमची कॅलिब्रेशन लॅब, म्हणजे इलेक्ट्रिशियनची मोजायची मीटरं बरोबर दाखवतात का ते तपासून सर्टिफिकेट द्यायचं. आमच्याकडे मीटर घेऊन येणाऱ्याला फोनवर पहिली सूचना हीच, की बाबा पुसू नको, सेल बदलू नको, जसा साईटवरून उतरवलास तसाच आण. पण लोक ऐकत नाहीत. लॅबला न्यायचं म्हणजे कसं स्वच्छ पाहिजे, म्हणून आदल्या रात्री फडकं मारतात, नवीन सेल घालतात, एक जण तर मीटरला शाम्पूने धुवून घेऊन आला होता. मग आम्हाला कळणार कसं की गेले सहा महिने ते मीटर त्याला काय दाखवत होतं?

मी मूळ रिपेरिंगवाला. आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स, मग एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नोकरी, ते सेंटर बंद पडल्यावर वागळे इस्टेटला एका मित्राच्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर टेबल टाकलं. खाली त्याचं लेथ मशीन, वर मी आणि माझं सोल्डरिंग. लेथ सुरू झालं की मीटरच्या स्क्रूची वाटी टेबलावर आपोआप चालायला लागायची. लोहार चाळीतले दोन-तीन दुकानदार गिऱ्हाइकांची बिघडलेली मीटरं पिशवीत भरून द्यायचे, मी शनिवारी लोकलने जाऊन दुरुस्त करून परत करायचो. घर चालायचं, त्यापलीकडे काही नाही.

आपण नक्की काय धंदा करतोय हे कळलं ते एका नऊ व्होल्टच्या सेलमुळे. किसन नगरचे एक वायरमन काका आले, कपाळाला आठ्या. त्यांनी एका सोसायटीला सांगून टाकलं होतं की तुमच्याकडे २६० व्होल्ट येतात, बोर्डाकडे तक्रार करा आणि लिफ्टला मोठा स्टॅबिलायझर लावा. सोसायटीने कोटेशन मागवली, स्टॅबिलायझरवाल्याने येऊन स्वतःचं मीटर लावलं तर २३४. आता काकांची इज्जत पणाला. मीटर उघडलं तर काही बिघाड नाही, फक्त सेल मेलेला. त्या जातीच्या मीटरात आतला रेफरन्स व्होल्टेज सेलवरच उभा असतो, सेल बसला की रेफरन्स बसतो, आणि मोजमाप त्याच्याशी तुलना करून असल्यामुळे आकडा उलटा वर जातो. सेल कमी, दाखवणार जास्त! आणि कोपऱ्यातली ती बॅटरीची खूण कोण बघतो. काका म्हणाले, "अरे पण हे तर व्यवस्थित चालू होतं की." तेच तर. बंद पडलेलं मीटर कोणाला फसवत नाही, ते सरळ रिपेरिंगला येतं.

त्यानंतर मी दुरुस्तीबरोबर 'चेक करून' द्यायला लागलो. लेटरहेडवर टाईप करायचो, मीटर तपासले, ओके आढळले, सही, शिक्का. भारी वाटायचं. एका पॅनल बनवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ऑडिटला आलेल्या साहेबांनी ते लेटरहेड उचललं आणि विचारलं, कशाशी तपासलं? गिऱ्हाइकाने मला फोन लावला, मी म्हटलं माझ्या चांगल्या मीटरशी. साहेबांचा पुढचा प्रश्न, "आणि ते चांगलं आहे हे कोणी सांगितलं?" पलीकडून पंधरा सेकंद काही आवाज नाही, माझ्याकडूनही नाही.

खरंच कोणी सांगितलं होतं? बॉक्सवर लिहिलं होतं. तेव्हा समजलं की ही एक साखळी असते. वायरमनचं मीटर माझ्या मास्टरशी म्हणजे तुलनेच्या मीटरशी, माझं मास्टर वरच्या लॅबच्या मास्टरशी, असं करत करत आपल्या देशात शेवटी दिल्लीच्या एनपीएलपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जातं, जिथे व्होल्ट हा जोसेफसन जंक्शनवरून म्हणजे थेट निसर्गाच्या स्थिरांकावरून काढतात. प्रत्येक पायरीवर थोडी अनिश्चितता वाढत येते आणि ती लिहावी लागते. मंडळींचे दागिने गहाण ठेवून सेकंडहँड मल्टीफंक्शन कॅलिब्रेटर, म्हणजे मीटर तपासायला नेमके व्होल्ट-अँपियर काढून देणारं यंत्र, घेतला आणि पहिल्यांदा अंधेरी एमआयडीसीतल्या सरकारी लॅबला तपासायला नेला तेव्हा रिक्षात मांडीवर घेऊन बसलो होतो, बाळाला डोस द्यायला नेतात तसं.

२००४ ला ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि त्याच सुमाराला आम्ही वागळे सोडून रबाळ्याला आलो, कारण लेथवर बसून लॅब होत नाही. तळमजला, भिंत जाड, शेजारी पॅकिंगवाला, म्हणजे शांत माणूस. टीटीसी म्हणजे ठाणे खाडीपलीकडच्या एमआयडीसीच्या पट्ट्यात दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत कारखाने, प्रत्येक कारखान्यात एक तरी इलेक्ट्रिशियन, त्याच्या बॅगेत मल्टीमीटर, टोंग टेस्टर (वायरीभोवती जबडा धरून करंट मोजणारा) आणि मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासणारा). आता ऐरोली-महापेला डेटा सेंटर उभी राहिली, ते लोक तर पुन्हा तपासणीची तारीख उलटायच्या आधी महिनाभर फोन करतात.

टोंग टेस्टरचं सांगतो, कारण बघायला येणाऱ्याला तेच सगळ्यात जास्त आवडतं. १००० अँपियर आमच्या गाळ्यात कुठून आणणार, गाळ्याचं लाईटचं मीटरच जळून जाईल. मग ५० वेढ्यांची एक कॉइल असते, तिच्यातून २० अँपियर सोडायचे आणि टोंगचा जबडा त्या कॉइलभोवती धरायचा. टोंगला वाटतं १००० अँपियर वाहतायत. पन्नास विसा हजार, शाळेतलं गणित. पण धरायचं कसं यात कला आहे. कॉइल जबड्याच्या बरोबर मध्यावर आणि काटकोनात पाहिजे, जरा कोपऱ्यात सरकली की आकडा हलतो, आणि आमचा एक नवीन मुलगा आठवडाभर प्रत्येक टोंग नापास करत होता कारण तो चहाचा कप धरल्यासारखा तिरका धरायचा. दुसरी गोष्ट म्हणजे जबड्याची तोंडं. सिमेंट, ग्रीस, पानाचा चुना काहीही तिथे बसलेलं असतं, तेवढ्या फटीने चुंबकीय मार्ग तुटतो आणि करंट कमी दिसतो. पुसलं की बरोबर. म्हणून पुसण्याआधीचं रीडिंग वेगळं आणि पुसल्यानंतरचं वेगळं, दोन्ही सर्टिफिकेटवर येतात. यावरून आमची जेवढी भांडणं झालीत तेवढी पैशावरून नाही झाली.

मेगरची गोष्ट याहून छुपी आहे. डिजिटल मेगर आला, रेझिस्टन्स बॉक्सवर, म्हणजे ठरलेला रेझिस्टन्स देणाऱ्या पेटीवर लावला, १ मेगाओहमला १, १०० ला १००, गिऱ्हाईक खूश. बहुतेक स्वस्तातली तपासणी इथेच संपते. पण ५०० व्होल्टचा मेगर खरोखर ५०० व्होल्ट देतो का? मोकळा मोजला तर देतो. लोड लावा, अर्धा मेगाओहम, म्हणजे साधारण १ मिलिअँपियर, आणि मग बघा. एका मेगरचे आमच्यासमोर ३१० झाले. व्होल्टेज आणि करंट दोन्ही मोजून तो भागाकार करतो त्यामुळे रेझिस्टन्सचा आकडा तरीही बरोबर, पण इन्सुलेशनवर जो ताण द्यायचा तो दिलाच नाही. ओली वायर ३१० ला गप्प बसते आणि ५०० ला बोलते, मग तुमची टेस्ट काय कामाची? तो मेगर एका लिफ्ट मेंटेनन्सवाल्याचा होता. त्याने डोक्याला हात लावला, कारण मागच्या दोन वर्षांचे रिपोर्ट त्यावरच होते.

एनएबीएल, म्हणजे लॅबची सरकारमान्य मान्यता, त्यासाठी दोन वर्षं घासलो. लॅबसाठीचं मानक आयएसओ १७०२५, त्याची भाषा वाचून मंडळी म्हणायच्या हे कोणी सासूने लिहिलंय का, सगळं कर, वर लिहून ठेव, वर लिहिल्याचं लिहून ठेव. आता त्याच आमच्या क्वालिटी मॅनेजर आहेत आणि सासूपेक्षा कडक. तिथेच कळलं की गिऱ्हाइकाशी ठरल्याशिवाय सर्टिफिकेटवर पुढची तारीख छापायची नसते. लोक यावर चिडतात, गाडीच्या पीयूसीला असते मग तुमच्या सर्टिफिकेटला का नाही. अहो, आम्ही आजचं सांगू शकतो. उद्या तुम्ही ते शिडीवरून पाडलं तर?

आणि आता आमची स्वतःची चूक, कारण वाटचाल म्हणून फक्त हारतुरे लिहायचे नाहीत असं ठरवलंय. जुलै महिना, रात्री एसी ट्रिप झाला आणि सकाळी कोणाच्या लक्षात आलं नाही, दुपारी चालू केला, गारवा आला, सगळे कामाला लागले. त्या आठवड्यात तीन मेगर गिगाओहमच्या (हजार मेगाओहमच्या) रेंजला पाच टक्के कमी दाखवत होते. आम्ही नापास लिहिले, दोन तर उघडून ट्रिम करून 'बरोबर' करून दिले. चार दिवसांनी महापेच्या एका कंपनीतून क्वालिटीचे इंजिनियर बोलले, आवाज अगदी शांत, "साहेब, आमचे तीन वेगळ्या मेकचे तीन मेगर एकाच वेळी, एकाच बाजूला, तेवढेच कसे बिघडले?" फोन ठेवला आणि पोटात गोळा आला.

मेगर बिघडलेच नव्हते. आमच्या हाय रेझिस्टन्स बॉक्सच्या टर्मिनलांमध्ये दमट हवा आणि बोटांचं तेल बसलं होतं. १ गिगाओहमच्या जोडीला २० गिगाओहमची ओल समांतर बसली की बाहेर ९५२ मेगाओहमच उरतात, हा हिशोब मी त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर केला. म्हणजे आम्ही चांगले मेगर नापास केले आणि ट्रिम केलेले दोन आता जास्त दाखवणार होते, म्हणजे चुकीच्याच बाजूला. वायरिंगला १ मेगाओहमचा निकष धरतात, तिथे गिगातल्या पाच टक्क्यांनी काही आग लागत नाही हे खरं, एक मित्र म्हणालाही की सोड, कोणाला कळणार. पण त्या इंजिनियरला कळलं होतं ना. पावसात ॲक्टिव्हा काढून स्वतः गेलो, तिन्ही परत आणले, त्या आठवड्यातली बाकीचीही सर्टिफिकेटं रद्द करून फुकट पुन्हा केली. आता बॉक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ होतो, डीह्युमिडिफायर चोवीस तास, आणि रोज सकाळी पहिलं मीटर लावायच्या आधी एक सीलबंद रेझिस्टर मोजून भिंतीवरच्या तक्त्यात टिंब मारायचं. टिंब रेघेबाहेर गेलं की त्या दिवशी चहा, काम नाही.

कागदवाले लोक अजून येतात. मार्च आला की फोन सुरू, "शेठ, मीटर साईटवर आहे, सिरियल नंबर व्हॉट्सॲप करतो, सर्टिफिकेट तेवढं काढून ठेवा." नाही म्हटलं की सांगतात अमुक ठिकाणी निम्म्या पैशात मिळतं. मिळत असेल. एक मोठा कॉन्ट्रॅक्टर यावरूनच गेला, वर्षाला चाळीसेक मीटरं होती त्याची, लागलं. महिनाभर हिशोबाची वही मी मंडळींच्या हातातून घेतलीच नाही.

कळव्याचा एक इलेक्ट्रिशियन आहे, एकटाच काम करतो, दरवर्षी गणपतीच्या आधी मांडवांची कामं सुरू व्हायच्या अगोदर टोंग घेऊन येतो. पहिल्या वर्षी पुसण्याआधीचं रीडिंग कागदावर बघून काउंटरवर एवढा भांडला होता की शेजारचा पॅकिंगवाला बघायला आला. मागच्या आठवड्यात आला, रुमालाची गाठ सोडून टोंग टेबलावर ठेवला. जबड्यात चुन्याचा पांढरा थर, वर कोणत्या तरी मांडवाचा गुलाल.

"साहेब, हात पण नाही लावला बरं का," म्हणाला, "आता बघा किती खोटं बोलतंय ते."

कॉइलवर लावला. १००० ला ९४६. त्याने मोबाईल काढून डिस्प्लेचा फोटो घेतला आणि मग स्वतःच फडकं मागितलं.